टीव्हीखालच्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्ड कसा निवडावा

टीव्हीला जोडून सिनेमे, गाणी आणि साठवलेले व्हिडिओ पाहण्यासाठी कॉम्प्युटर जुळवायचा असेल, तर मदरबोर्डची निवड टीव्हीपासून सुरू करा. गेमिंगच्या कॉम्प्युटरला आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरतं, मग त्यांना पेलणारा बोर्ड शोधतात. इथे क्रम उलटा. टीव्ही काय दाखवू शकतो, आवाज कुठून निघणार, कॅबिनेट कुठे बसणार हे आधी बघायचं आणि मग तेवढं सगळं पोचवणारं एचडीएमआय पोर्ट ज्याच्या पाठीवर आहे तो बोर्ड शोधायचा. या कामाला वेग फारसा लागत नाही. फसगत होते ती बहुतेक वेळा मागच्या पट्टीवरच्या त्या एका पोर्टामुळे, आणि बोर्ड बसवल्यावर ते पोर्ट बदलता येत नाही.

खरेदीआधी टीव्हीचं मॅन्युअल उघडा आणि चार गोष्टी कागदावर उतरवा. टीव्हीचं रिझोल्यूशन (चित्रात किती ठिपके) आणि किती हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं). एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) आहे का. टीव्हीच्या कोणत्या एचडीएमआय खाचेत पूर्ण क्षमतेचा सिग्नल चालतो (बऱ्याच टीव्हींमध्ये सगळ्या खाचा सारख्या नसतात). आणि आवाज टीव्हीतूनच ऐकायचा आहे, साउंडबारमधून की वेगळ्या रिसीव्हरमधून (स्पीकर जोडायच्या यंत्रातून). हा कागद हातात असला की बाजारातले निम्मे बोर्ड आपोआप गळतात.

एचडीएमआय: नुसता आकडा पाहू नका

एचडीएमआय १.४ वर ४के (३८४० × २१६० ठिपक्यांचं) चित्र जास्तीत जास्त ३० हर्ट्झने जातं. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, त्यामुळे ४के ६० हर्ट्झ निघतं. २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट, म्हणजे ४के १२० हर्ट्झचीही सोय.

पण खोक्यावर 'एचडीएमआय २.१' छापलंय म्हणजे ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही. २.१ चं नाव घेऊन जुन्या पद्धतीने १८ गिगाबिटच पाठवणारी पोर्टं कितीतरी बोर्डांवर असतात आणि नियमात ते बसतं. म्हणून बोर्डाच्या स्पेसिफिकेशन पानावर पोर्टाच्या नावापुढची ओळ वाचा. तिथे 'कमाल रिझोल्यूशन ४०९६ × २१६० @ ६० हर्ट्झ' असं लिहिलं असेल तर ते पोर्ट ४के ६० पुरतं आहे, नाव काहीही असो. '@ ३० हर्ट्झ' किंवा '@ २४ हर्ट्झ' दिसलं, तर तो बोर्ड ४के टीव्हीसाठी घेऊ नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचाच असतो, तो चालेलही. पण मेनू, यूट्यूबवरचे ६० चित्रांचे व्हिडिओ, क्रिकेटचं थेट प्रक्षेपण आणि माउसचा बाण सगळं अडखळत दिसेल.

जुना किंवा वापरलेला बोर्ड घेणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. इंटेलच्या सातव्या ते दहाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून मुळात एचडीएमआय १.४ च बाहेर पडतं. त्या काळात ज्या बोर्डांवर २.० मिळतं, तिथे उत्पादकाने डिस्प्लेपोर्टचा (पडदा जोडायच्या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टाचा) सिग्नल बदलणारी एक वेगळी चिप बसवलेली असते. स्वस्त बोर्डांवर ती चिप नसायची. म्हणून एकच प्रोसेसर एका बोर्डावर टीव्हीला ६० हर्ट्झ देतो आणि दुसऱ्यावर ३० वर अडतो. डेस्कटॉपच्या अकराव्या पिढीपासून २.० प्रोसेसरातच आलं. एएमडीच्या एएम४ (प्रोसेसर बसतो त्या जागेचं, म्हणजे सॉकेटचं नाव) मालिकेतही हीच तऱ्हा आहे: प्रोसेसर सक्षम, पण ए३२० किंवा बी३५० चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) कित्येक बोर्डांवरचं पोर्ट १.४ चं.

असा जुना बोर्ड हाताशी असेलच, तर त्याच्या डिस्प्लेपोर्टमधून ४के ६० काढता येतं. त्यासाठी 'अॅक्टिव्ह' प्रकारचा, एचडीएमआय २.० लिहिलेला कन्व्हर्टर लागतो. साधा पॅसिव्ह कन्व्हर्टर पुन्हा ३० वरच थांबतो. एचडीआर हवं असेल तर मात्र या आडवाटेने जाऊ नका. सुरुवातीपासून योग्य पोर्ट असलेला बोर्ड घ्या.

एचडीआरचं गणित एकदा समजून घेतलं की २.० पुरेल की २.१ हवं, हे ठरवणं सोपं जातं. ४के ६० हर्ट्झ, ८ बिट (रंगछटांची बारकाई), पूर्ण रंगांसह (४:४:४) पाठवायला १७.८२ गिगाबिट लागतात, म्हणजे २.० ची वाट काठोकाठ भरते. एचडीआरला १० बिट लागतात आणि ते ६० हर्ट्झला पूर्ण रंगांसह त्यात मावत नाहीत. मग ड्रायव्हर रंगांची माहिती कमी करून ४:२:२ किंवा ४:२:० वर जातो. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, कारण डिस्कवरचा किंवा इंटरनेटवरचा व्हिडिओ मुळात ४:२:० मध्येच साठवलेला असतो. शिवाय २४ हर्ट्झला १२ बिटसुद्धा २.० मधून आरामात जातात. जाणवतं ते डेस्कटॉपवरच्या बारीक अक्षरांत. थोडक्यात, फक्त पाहण्यासाठी २.० पुरतं. त्याच टीव्हीवर १२० हर्ट्झने गेम खेळायचे असतील तरच खऱ्या ४८ गिगाबिटच्या मागे लागा, आणि तेव्हा ते बोर्डापेक्षा वेगळ्या ग्राफिक्स कार्डातून मिळवणं शहाणपणाचं.

एचडीसीपी २.२ (व्हिडिओची नक्कल रोखणारं संरक्षण) हा शब्दही त्याच पानावर शोधा. संरक्षित ४के व्हिडिओ टीव्हीपर्यंत पोचायला बोर्ड, मध्ये असलेला रिसीव्हर आणि टीव्ही या तिघांकडेही तो असावा लागतो. एक कडी कच्ची असेल तर चित्र काळं पडतं किंवा कमी रिझोल्यूशनवर उतरतं.

व्हिडिओ उलगडण्याचं काम कोण करणार

आजचे व्हिडिओ एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी दाबून लहान केलेले असतात. ते उलगडायला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्स भागात खास सर्किट असतं. ते असेल तर सहा वॉटचा प्रोसेसरही ४के व्हिडिओ शांतपणे चालवतो. नसेल तर ते ओझं प्रोसेसरच्या मुख्य कोअरवर पडतं, पंखा गरगरू लागतो आणि चित्र तुटतं.

बोर्डाचा सॉकेट निवडला की प्रोसेसरांची यादी ठरते, म्हणून हे आताच पाहायचं. इंटेलमध्ये १० बिटचं एचईव्हीसी आणि व्हीपी९ सातव्या पिढीपासून आहे. एव्ही१ उलगडणं डेस्कटॉपवर अकराव्या पिढीच्या नव्या घडणीच्या प्रोसेसरांपासून (उदा. आय५-११४००) आणि बाराव्या पिढीपासून पुढे सर्रास. एएमडीमध्ये एएम४ वरच्या ५६००जी, ५७००जी यांना एचईव्हीसी आणि व्हीपी९ जमतं, एव्ही१ जमत नाही. एएम५ वरच्या ७००० मालिकेपासून एव्ही१ आहे. यूट्यूब आणि इतर सेवा एव्ही१ कडे वळत असल्यामुळे नवीन खरेदी करताना ते असलेलाच प्रोसेसर आणि त्याला जुळणारा सॉकेट घ्या.

नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलच्या नावात 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरात ग्राफिक्स नाही. मग बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट नुसतं भोक म्हणून उरतं. एएम४ वर ग्राफिक्स हवं तर 'जी' लागतो. एएम५ वर साध्या प्रोसेसरांतही छोटं ग्राफिक्स असतं, पण तिथेही 'एफ' टाळा.

यूएचडी ब्लू-रे डिस्क कॉम्प्युटरवरून अधिकृत सॉफ्टवेअरने पाहण्याचा विचार असेल, तर नवा बोर्ड तुम्हाला मागे नेईल. त्या डिस्कच्या संरक्षणाला इंटेलची एसजीएक्स नावाची सोय लागते. ती सातव्या ते दहाव्या पिढीत होती, अकराव्या पिढीपासून डेस्कटॉपमधून काढून टाकली गेली. एएमडीकडे ती नाहीच. केवळ यासाठी जुनं यंत्र जुळवण्यापेक्षा डिस्कसाठी स्वतंत्र प्लेअर ठेवा, कटकट वाचते.

लिनक्सवर चालवणार असाल तर हेही ध्यानात असू द्या की पैसे भरून पाहायच्या बहुतेक सेवा तिथे ४के देत नाहीत. यात बोर्डाचा काही दोष नसतो, तरी बोर्ड परत करणारे लोक असतात.

आकार, कॅबिनेट आणि उष्णता

मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिलिमीटर. मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ पर्यंत. पूर्ण एटीएक्स ३०५ × २४४, आणि तो टीव्हीच्या युनिटमध्ये ठेवण्याचं कारण क्वचितच असतं.

मिनी-आयटीएक्स दिसायला सुबक, पण त्यावर विस्ताराची खाच एकच आणि रॅमच्या जागा बहुधा दोन. टीव्ही ट्यूनर कार्ड आणि जास्त साटा (हार्ड डिस्क जोडायच्या) पोर्टांचं कार्ड दोन्ही लावायचे असतील तर मायक्रो-एटीएक्सच घ्या. तिथे आणखी एक बारीक गोष्ट पाहा: जाड ग्राफिक्स कार्ड शेजारची छोटी खाच झाकून टाकतं. बोर्डाचा वरून काढलेला फोटो मोठा करून खाचांमधलं अंतर मोजा.

'थिन मिनी-आयटीएक्स' हा वेगळा प्रकार आहे. त्याची मागची पट्टी फक्त २५ मिलिमीटर उंच, रॅम लॅपटॉपची आणि वीज बाहेरच्या १९ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर. साधा मिनी-आयटीएक्स बोर्ड थिनसाठी बनवलेल्या चपट्या कॅबिनेटमध्ये बसत नाही, कारण त्याची पट्टी जवळपास ४४ मिलिमीटर उंच असते. लांबी-रुंदी सारखीच असल्याने ही चूक खोकं उघडेपर्यंत लक्षात येत नाही.

चपट्या कॅबिनेटमध्ये कूलरची उंची सगळ्यात आधी अडते. इंटेलसोबत येणारा हल्लीचा छोटा कूलर सुमारे ४७ मिलिमीटर, एएमडीचा रेथ स्टेल्थ सुमारे ५४, तर नॉक्टुआचा एनएच-एल९आय पंख्यासकट ३७. कॅबिनेटच्या पानावर 'कूलरची कमाल उंची' दिलेली असते. ती आणि कूलरची उंची यांत किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळे ठेवा. पंखा झाकणाला चिकटला की हवा ओढताना शिट्टीसारखा आवाज येतो. आडवे पसरलेले कूलर घेताना रॅमच्या जागा आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागावरचे हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे) सॉकेटपासून किती दूर आहेत तेही पाहा. रॅम उंच नक्षीदार पट्ट्यांची घेऊ नका, साधी बुटकी घ्या.

टीव्हीचं युनिट बंद असतं, मागे हवा खेळत नाही. अशा जागी बोर्डाच्या वीज नियंत्रणाचा भाग प्रोसेसरइतकाच तापतो. स्वस्त एच६१० बोर्डांवर कित्येकदा त्या भागावर हीटसिंक नसतो. त्यावर आय३-१२१०० (मूळ ६० वॉट, टर्बोला म्हणजे वेग वाढवल्यावर ८९) निर्धास्त बसवा. आय५-१२४०० टर्बोत ११७ वॉटपर्यंत जातो. तो लावायचा तर हीटसिंक असलेला बोर्ड घ्या किंवा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) वीज मर्यादा ६५ वॉटवर बांधा. सिनेमा पाहताना फरक शून्य पडतो.

पंख्याच्या पिनांकडेही लक्ष हवं. निदान दोन चार-पिनी जोडण्या असाव्यात, एक प्रोसेसरसाठी आणि एक कॅबिनेटसाठी. चार पिनांवर पंख्याचा वेग बारकाईने कमी-जास्त करता येतो. तीन-पिनी पंखा लावायचा असेल तर बायोसमध्ये ती जोडणी 'डीसी' पद्धतीवर नेता येते का ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर तो पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो. रात्री शांत प्रसंग चालू असताना तो आवाज असह्य होतो.

आवाज

रिसीव्हर किंवा साउंडबारला एचडीएमआयमधून आवाज देणार असाल, तर बोर्डावरची ऑडिओ चिप कोणती हे पूर्णपणे विसरा. एएलसी८९७ असो की एएलसी१२२०, एचडीएमआयचा आवाज त्या चिपमधून जातच नाही. तो प्रोसेसरच्या ग्राफिक्स भागातून अंकांच्याच रूपात बाहेर पडतो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाजाचे प्रकार न उलगडता जसेच्या तसे रिसीव्हरकडे पाठवता येतात.

ऑप्टिकल पोर्टाचा मोह आवरा. त्यातून दोन वाहिन्यांचा पीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा दाबलेला ५.१ डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढंच जातं. जुना, एचडीएमआय नसलेला अॅम्प्लिफायर वापरायचा असेल तेव्हाच ते शोधा.

कॉम्प्युटर थेट टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने (एचडीएमआयमधून आवाज परत पाठवण्याच्या सोयीने) साउंडबारला, अशी जोडणी खूप घरांत असते. यात अडचण अशी की साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही. त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते, आणि टीव्हीनेही तो आवाज पुढे सोडायला हवा. काही टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत. रिसीव्हर असेल तर कॉम्प्युटर आधी रिसीव्हरला, तिथून टीव्हीला ही वाट कमी भानगडीची.

अॅनालॉग ५.१ स्पीकर असतील तर मागे किमान तीन गोल जॅक लागतात, आणि अशा वेळी चिपच्या गुणवत्तेला अर्थ येतो.

रिमोटने उठणारं यंत्र

दिवाणखान्यातला कॉम्प्युटर सोफ्यावरून चालू व्हायला हवा. इथे बोर्ड-बोर्डांत मोठा फरक पडतो, आणि जाहिरातीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मॅन्युअल उतरवून घ्या आणि 'यूएसबीवरून जागं करणे' आणि 'ईआरपी' (वीज वाचवण्याची सेटिंग) हे दोन उल्लेख शोधा.

झोपेच्या किंवा बंद अवस्थेत एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टची एक छोटी वीज चालू ठेवतो. यूएसबी पोर्टाला ती मिळाली तर रिमोटचा रिसीव्हर जागा राहतो. बायोसमध्ये ईआरपी चालू असेल तर यंत्र बंद असताना ही वीज तोडली जाते, आणि 'रिमोटने चालू होत नाही' ही तक्रार बहुतेकदा एवढ्यावरच सुटते. काही बोर्ड झोपेतून यूएसबीने उठतात, पण पूर्ण बंद अवस्थेतून उठत नाहीत. तसंच काहींवर जागं करणारी वीज ठरावीक पोर्टांनाच असते. मॅन्युअलमधल्या चित्रात ती वेगळी दाखवलेली असतात.

टीव्ही आणि कॉम्प्युटर एकमेकांना चालू-बंद करतील अशी अपेक्षा असेल तर एक वस्तुस्थिती: त्यासाठीची सीईसीची तार एचडीएमआयमध्ये असते (१३ वी पिन), पण डेस्कटॉप बोर्ड सहसा तिचा उपयोग करत नाहीत. ती सोय हवी तर एचडीएमआय केबलच्या मध्ये बसणारा यूएसबी-सीईसी अॅडॅप्टर मिळतो. तो धरून हिशेब करा आणि एक यूएसबी जागा राखून ठेवा.

मागच्या पट्टीवर यूएसबी २.० ची दोन तरी पोर्टं असणं चांगलं. चालू असलेलं यूएसबी ३ पोर्ट आणि त्यातली हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. वायरलेस कीबोर्डचा छोटा डोंगल तिच्या शेजारी लावला की अक्षरं गळतात, बाण अडखळतो, आणि लोक कीबोर्ड बदलत बसतात. डोंगल दूरच्या २.० पोर्टात लावा किंवा हातभर एक्स्टेन्शन केबलने युनिटच्या पुढे आणा.

डिस्क, नेटवर्क, वीज

एम.२ खाच (बोर्डावर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीची) असली म्हणजे त्यात कोणतीही एसएसडी चालते असं नाही. काही खाचा फक्त एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) घेतात, साटा प्रकारची एम.२ त्यात दिसतही नाही. उलट, काही बोर्डांवर खाचेत साटा एम.२ बसवली की चार साटा पोर्टांपैकी एक बंद पडतं. मॅन्युअलमध्ये तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप असते: 'एम.२_१ मध्ये साटा उपकरण असल्यास साटा_२ वापरता येणार नाही.' चार हार्ड डिस्क लावायच्या असतील तर ही एक ओळ सगळा बेत बदलते. मिनी-आयटीएक्सवर दुसरी एम.२ पुष्कळदा बोर्डाच्या पोटाखाली असते. तिथे हवा पोचत नाही, म्हणून तिथे वेगवान, तापट एसएसडी बसवू नका.

नेटवर्कला साधा १ गिगाबिट भरपूर. यूएचडी ब्लू-रेचा कमाल दर सेकंदाला १२८ मेगाबिट आहे. २.५ गिगाबिटसाठी बोर्डाचा दर्जा वाढवण्याचं कारण नाही, फाइली सतत इकडून तिकडे हलवणार असाल तर गोष्ट वेगळी. शक्यतो केबल ओढा. वाय-फाय नंतर लावणार असाल तर कार्ड नीट निवडा: इंटेलची एएक्स२०१, एएक्स२११ ही कार्डं फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटवर चालतात. एएमडी बोर्डावर एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. खाच दिसायला सारखीच असते, कार्ड बसतं, आणि मग काहीच होत नाही.

१९ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारे बोर्ड आकर्षक आहेत, कारण एसएमपीएसची जागा आणि आवाज दोन्ही वाचतात. पण ३.५ इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत ओढते, म्हणजे एका डिस्कला क्षणभर २४ वॉट. दोन डिस्क, बोर्ड आणि प्रोसेसर मिळून ६० वॉटचा अॅडॅप्टर सुरुवातीलाच गुडघे टेकतो. यंत्र चालू होतं, लगेच बंद होतं, पुन्हा चालू होतं. अशा बोर्डावर एसएसडीच ठेवा आणि मोठा साठा घरातल्या दुसऱ्या यंत्रावर.

मग नेमकं काय घ्यावं

फक्त पाहायचं आहे, साठा नेटवर्कवर आहे: इंटेल एन१०० प्रोसेसर सोल्डर केलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड. ६ वॉटचा प्रोसेसर, एव्ही१ सकट सगळं उलगडतो, बऱ्याच बोर्डांवर पंखाच नसतो. रॅमची वाहिनी एकच, त्यामुळे ८ किंवा १६ जीबीची एकच पट्टी लावा. खरेदीआधी साटा पोर्टं मोजा, या बोर्डांवर ती मोजकीच असतात. प्रोसेसर पुढे बदलता येत नाही, पण या कामाला तो वर्षानुवर्षं पुरेल.

पाहायचं आहे, शिवाय डिस्कही यातच आणि घरातल्या इतर पडद्यांना व्हिडिओ बदलून पाठवायचे आहेत: एलजीए१७०० सॉकेटचा बी६६० किंवा बी७६० मायक्रो-एटीएक्स, त्यावर आय३-१२१०० किंवा त्यापुढचा, नावात 'एफ' नसलेला. हे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे येतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचेची खूणच वेगळ्या जागी असते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावा, ग्राफिक्सला रॅमचा रुंद रस्ता मिळतो.

हलके गेमही खेळायचे आहेत: एएम५ चा बी६५० आणि ८६००जी. त्याखालचा ८५००जी घेणार असाल तर बोर्डाच्या पानावरच्या टिपा वाचा, कारण त्याच्याकडे पीसीआयईच्या (कार्डं आणि एसएसडी जोडणाऱ्या) वाटा कमी आहेत. मोठी खाच चार वाटांवर येते आणि बोर्डानुसार एखादी एम.२ अर्ध्या वेगाने चालते किंवा बंद राहते.

शेवटचा धोका बायोसचा. ६०० मालिकेच्या इंटेल बोर्डावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, किंवा सुरुवातीच्या एएम५ बोर्डावर ८०००जी मालिका बसवली आणि बोर्डाचं बायोस जुनं असलं, तर पडद्यावर काहीच येत नाही. प्रोसेसरशिवाय पेन-ड्राइव्हवरून बायोस भरण्याचं बटण ज्यावर आहे असा बोर्ड निवडा, किंवा विक्रेत्याकडून नवं बायोस भरून घ्या. बोर्ड वापरलेला असेल तर सॉकेटच्या पिना तिरप्या उजेडात पाहा. रांगेत एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. मागची पत्र्याची पट्टी सोबत आहे ना तेही विचारा, ती सुटी सहज मिळत नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत

बोर्ड कॅबिनेटमध्ये घट्ट करण्याआधी त्याच्या खोक्यावर ठेवूनच तपासा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, वीज आणि घरातला तोच टीव्ही, तीच केबल. मॉनिटरवर तपासून उपयोग नाही.

पहिल्यांदा ३८४० × २१६० ला ६० हर्ट्झ मिळतो का पाहा, मग यादीत २३.९७६ हर्ट्झ आहे का. बहुतेक सिनेमे या दराचे असतात. टीव्ही आणि प्लेअर नेमक्या २४ वर अडकले तर सुमारे ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावं लागतं. कॅमेरा सावकाश फिरतो त्या दृश्यात तो हिसका दिसतो.

रंग पूर्ण येतायत का हे ओळखायला काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात बारीक अक्षरं लिहा. कडा स्वच्छ असतील तर ४:४:४ आहे. लाल पसरून अक्षरांभोवती माती झाल्यासारखी दिसली तर रंग कमी जातायत. अशा वेळी बोर्डाला दोष देण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या खाचेसाठी 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम पर्याय चालू करा. कित्येक टीव्हींमध्ये तो मुळात बंद असतो.

मग एव्ही१ आणि १० बिट एचईव्हीसीची एकेक ४के फाइल चालवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सखाली 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख हलला पाहिजे आणि प्रोसेसरचा भार बेताचा राहिला पाहिजे. उलटं दिसलं तर ड्रायव्हर किंवा प्लेअरची सेटिंग बघा. रिसीव्हर असेल तर त्याच्या पट्टीवर 'ट्रूएचडी' हे नाव उमटतं का तेही याच वेळी.

झोपवून रिमोटने दहा वेळा उठवा. टीव्ही बंद करून पाच मिनिटांनी चालू करा; चित्र आणि आवाज दोन्ही परत आले पाहिजेत. अधूनमधून आवाज हरवत असेल तर आधी केबल बदला. ४के ६० साठी 'प्रीमियम हाय स्पीड' प्रमाणित केबल घ्या, आणि पाच मीटरपुढे साध्या तांब्याच्या केबलवर भरवसा ठेवू नका.

हे सगळं जमलं की बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवा, कॅबिनेट त्याच्या खऱ्या जागी, युनिटचं दार लावून ठेवा आणि दोन तासांचा सिनेमा चालवा. शेवटी प्रोसेसरचं तापमान ८० अंशांच्या वर गेलं असेल किंवा पंखा मध्येच चढ-उतार करत असेल, तर बायोसमध्ये वीज मर्यादा आणखी खाली आणा आणि पंख्याचा वेग सावकाश बदलेल असा आलेख आखा. तेवढ्यानेही भागलं नाही तर युनिटच्या पाठीमागच्या फळीला हाताच्या पंजाएवढं भोक पाडून घ्या.